विहीर नंबर अकरा : चौदा फूट

"अकरा नंबरच्या इहिरीत दोर सोडायचा नाई. मागच्या सालचा आकडा उतरवायचा आन् पुढं निंघायचं. काहून, ते इचारायचं नाई."

नानाजींनी मला हे पहिल्यांदा सांगितलं ते अकोल्याच्या कचेरीत, मी रुजू झाले त्याच दिवशी. दुसऱ्यांदा सांगितलं जीपमध्ये, केनवड मागे पडल्यावर. दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता. मला त्यांचा राग आला होता. वडीलधाऱ्यांनी सांगायचं, आपण मान हलवायची आणि कारण विचारलं की "शिकून लई शहानी झाली" हे ऐकून घ्यायचं, याचा मला घरापासून कंटाळा होता.

पथकाची प्रमुख मी होते. चोवीस वर्षांची, भूशास्त्राची एम.एस्सी., नोकरीला जेमतेम चार महिने, अजून कायम झालेली नाही. माझ्या हाताखाली दोन माणसं. ड्रायव्हर रामकिसन, आणि मोजणी सहायक नानाजी, ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ज्यांना बाईच्या हाताखाली काम करणं जन्मात जमणार नव्हतं.

एकोणीसशे त्र्याहत्तरचा एप्रिल चालू होता. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. आमचं काम सोपं होतं. गावोगावच्या सरकारी विहिरींत दोर सोडायचा, पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं. वीस फुटांच्या आत पाणी असेल तर गावाला टँकर नाही. खाली गेलं असेल तर टँकर, आणि सोबत विहिरीतला गाळ काढायचा हुकूम. यादी दुसऱ्या दिवशी कचेरीत द्यायची होती आणि त्यात भोरखडीची अकरा नंबरची विहीर तेवढी राहिली होती.

रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. सत्तावन्न साली चौदा फूट. अठ्ठावन्नला चौदा. एकोणसाठला चौदा. बहात्तरलाही चौदा. नद्या आटल्या, झाडं वाळली, आणि ही विहीर सोळा वर्षांत एक इंच हलली नव्हती! विहीर तरी खोटं बोलत होती, नाहीतर माणसं.

"नानाजी, हे अक्षर तुमचंच ना? सगळं?"

"माहंच हाय."

"एकदा तरी दोर सोडला होता?"

ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "एकडाव."

भोरखडीच्या अलीकडे नाल्यात बायका दिसल्या. वाळूत हातभर खड्डा खणून, त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. मी जीप थांबवायला लावली. एक म्हातारी बाई पदरानं घाम पुसत उठली. केशरबाई.

"कोन म्हनायचं तुमी?"

"पाण्याच्या कचेरीतून आले. तायडे."

"तायडे?" तिनं मला वरून खाली पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "म्हंजे आपलीच लेक की वं! आन् सायेब झाली? पाहा वं बायांनो, आपली पोरगी जीपीत फिरून राह्यली!"

बायका हसल्या. एक म्हणाली, "मंग सायबीनबाई, वाटीभर पानी तुमीच काढून द्या आता, आमची कंबर गेली."

मी खरंच वाकले आणि दोन वाट्या भरल्या. मग विचारलं, "गावात सरकारी विहीर आहे ना? चौदा फुटांवर पाणी. मग तुम्ही इथं काय करता?"

हसणं थांबलं. केशरबाईनं जीपकडे पाहिलं. नानाजींनी मान फिरवली.

"त्या इहिरीवर माही जाऊ गेली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "भागिरथा. आमी धर्म घेतला छप्पनले, आन् पुढच्या उन्हाळ्यात ते म्हने, इहीर सरकारची हाय, मी पह्यली जाईन. पितळेची नवीकोरी घागर, चिंचेनं घासून लख्ख केली. भर दुपारी गेली. तेही आली नाई, घागरही आली नाई. पाटील म्हने, पळून गेली असंन कोनासंग."

"आणि तुम्ही कोणी बघायला गेलाच नाहीत?"

"गेलो नं. आतमंदी अंधार होता. पानी नव्हतं का होतं, कायबी दिसे ना." तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं ओली, गार होती. "तवापासून आमी जात नाई. ते इहीर आमाले नाई म्हनत नाई वं माय. ते बोलावते. म्हनून जात नाई."

मला राग आला. अडाणीपणाचा. एवढी चाळीस घरांची वस्ती वाटीवाटीनं पाणी भरते, एका खोट्या आकड्यापायी आणि एका भुताच्या गोष्टीपायी. मी ठरवलं, आज दोर सोडायचा.

विहिरीशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गाव शेतापलीकडे, दिसेल इतकं जवळ, पण कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. काठावर बाभळीच्या काट्या रचलेल्या. नानाजी निंबाच्या सावलीतून हलले नाहीत. रामकिसननं काट्या बाजूला ओढल्या.

"बाई, मी मनतो, ल्याहून टाका चौदा. उन्हाचं कोनी पाहून नाई राह्यलं."

"मी पाहतेय ना."

सूर्य बरोबर डोक्यावर होता. ऊन सरळ तळाशी जायला हवं होतं. दोन पुरुष खोलीपर्यंत बांधकामाचे दगड स्पष्ट दिसत होते, त्याखाली ऊन संपत होतं. कापून टाकल्यासारखं. आणि वास येत होता. कुजक्या पाण्याचा नाही, शेवाळाचा नाही. चिंचेनं घासलेल्या पितळेचा.

आमचा दोर साठ फुटांचा, फुटाफुटावर गाठ, दर दहाव्या गाठीला लाल चिंधी. टोकाला शिशाचा ओळंबा मी स्वतः बांधला आणि दोर सोडू लागले. चौदा गाठी गेल्या. पाण्याचा आवाज नाही. वीस. तीस. चाळीस. बावन्नाव्या गाठीला दोर सैल पडला. तळ. पाणी नव्हतंच!

"पाहिलंत?" मी ओरडले. "बावन्न फूट, आणि कोरडी! नानाजी, ऐकलंत का?"

आणि मग हातातला दोर हलला.

हिसका नव्हता. बारीक बारीक हालचाल. धागा ओवताना, नाडी बांधताना बोटं जशी चालतात, तशी. खालच्या टोकाशी कोणीतरी काहीतरी सोडत होतं… आणि काहीतरी बांधत होतं. घाई न करता. हालचाल थांबली.

मी भराभर दोर वर घेतला. ओळंबा नव्हता. टोकाला फास होता. टोकाचा हातभर दोर ओला, बाकीचा कोरडा.

रामकिसन वाकून बघू लागला आणि मागे सरकला. "बाई… हा घागरीचा फास हाय. गळ्याले टाकाचा. माही माय असाच बांधते."

"तू काहीतरी केलंस."

"मी हात तरी लावला का जी?"

मी फास सोडला. दुसरा ओळंबा काढला, तिहेरी गाठ मारली, दोर पुन्हा सोडला. बावन्न. सैल. आणि तीच बोटं, या वेळी जरा लगबगीनं.

मी काठावरून वाकले. "कोण आहे खाली?"

काही नाही. माझाच आवाज खाली गेला, तो परत आला नाही.

मग अगदी जवळून, माझ्या कमरेशी कोणी उभं राहून बोलावं तसा आवाज आला.

"वढ वं माय… लई येळ झाला."

दोर जड झाला.

लोक मला विचारतील, तू दोर टाकून पळाली का नाहीस? खालून एक बाई 'ओढ' म्हणतेय आणि दोर माझ्या हातात आहे. कोण सोडेल? मी पाय काठाला रोवले आणि ओढू लागले. रामकिसन रडत होता, पण तोही माझ्यामागे दोर धरून उभा राहिला. माणसाएवढं वजन. गाठी वर येत होत्या. पन्नास राहिल्या. चाळीस. आतून पितळ दगडाला घासल्याचा आवाज येत होता, आणि दम लागलेल्या माणसाचा श्वास. तीस. वीस. सोळा. पंधरा. उजेड जिथं संपत होता तिथं काहीतरी चमकलं.

चौदा.

तेवढ्यात मागून कोणीतरी मला धडक देऊन बाजूला केलं. नानाजी. त्यांच्या हातात काट्या तोडायचा कोयता होता. एका घावात दोर तुटला.

मी कानांवर हात नेले. पण पडल्याचा आवाज आलाच नाही. काहीच आलं नाही.

नानाजी काठावर बसले. कोयता हातातच होता. "चौदालेच…" ते म्हणत होते. "तवाही चौदालेच… वढून राह्यलो होतो मी. माह्याच दोरानं. वर आली होती, तोंड दिसत होतं… आन् शेषराव पाटील म्हने, तोड. तोड म्हने, नाई त तुलेही टाकतो."

मला सगळं कळायला थोडा वेळ लागला. चौदा फूट ही पाण्याची पातळी नव्हतीच. भागिरथाला वर यायला एवढं अंतर उरलं होतं. या माणसानं ते सोळा वर्षं दर उन्हाळ्यात स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

शेषराव पाटलांच्या ओसरीवर आम्हाला बोलावणं आलं तेव्हा उन्हं कलली होती. गावातली आणखी तीन म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. नानाजी खांबाशी, मान खाली. उरलेल्या दोराचं वेटोळं मी माझ्या मांडीवर ठेवलं होतं. विहिरीपासून ते मी कोणाच्या हाती दिलं नव्हतं. त्यावर रजिस्टर उघडं.

"घ्या बाई, च्या घ्या," शेषराव म्हणाले. केस पांढरे, आवाज मऊ. "आडनाव काय म्हनलं तुमचं?"

"तायडे. तुम्हाला कळलंय ते."

ते हसले. "लेकीवानी हाय तुमी आमाले. उन्हात फिरून राह्यल्या, नानाजीचं वय झालं, तो कायबी बरळते. तुमी त शिकेल हाय. चौदा ल्याहा आन् मोकळ्या व्हा."

"विहीर कोरडी आहे. बावन्न लिहिलं तर टँकर येईल."

"टँकर पायजे नं वस्तीले? मी सांगतो वर. परवा टँकर येईन. रोज येईन." ते पुढे झुकले. "फकस्त चौदा राहू द्या. बावन्न ल्याहलं का गाळ काढा म्हनते सरकार. कायले उगा जुना गाळ काढता?"

भिंतीशी बसलेला एक म्हातारा म्हणाला, "नवकरीत कायम नाई ना झाल्या तुमी अजून?"

मी नानाजींकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता तरी बोलेल. त्यांचे ओठ हलले, पण ते चौदाच म्हणत होते, बिनआवाजाचं.

केशरबाईची गार बोटं मनगटाला अजून जाणवत होती. वस्तीला पाणी मिळत होतं. मला नोकरी मिळत होती. फक्त एक आकडा उतरवायचा होता, जसा तो सोळा वेळा उतरवला होता.

"चौदा फुटांवर पाणी नव्हतं," मी म्हणाले. "चौदा फुटांवर भागिरथा होती."

"बाई, तोंड सांभाळून बोला…"

"मी चौदा लिहिणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. तुम्ही माझी नोकरी घ्या, मी वस्तीतल्या बायकांना घेऊन कलेक्टरच्या दारात बसेन." मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं. विहीर क्रमांक अकरा. खोली बावन्न. पाणी नाही. गाळ काढताना पोलिसांनी हजर राहावं.

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. शेषरावांनी तोंड उघडलंही. पण ते तसंच राहिलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या मांडीकडे बघत होते.

रजिस्टरचं पान खालून ओलं होत होतं. ओसरीभर चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास दरवळला. मी वही उचलली. नानाजींनी जिथं कोयता घातला होता, त्या टोकाला फास होता. आणि भरलेली घागर उचलताना तिच्या गळ्याभोवती आवळत जावा, तसा तो माझ्या मांडीवर सावकाश आवळत चालला होता.