टिटवीच्या पोटातली अडगळ

चंद्रावर अडकलेला यंत्रमानव दुरुस्त करायचाय, पण त्याला जरासुद्धा हलवून बघायचं नाही. सांगा बघू, कसं कराल?

सहावीतल्या किमयाला हेच कोडं पडलं होतं. तिची वसुधाआत्या चंद्रमोहिमेच्या नियंत्रण कक्षात शास्त्रज्ञ. तिथल्या सगळ्यांची लाडकी यंत्रपोर, चाकांवर फिरणारी टिटवी, घसरून एका काळोख्या खड्ड्यात पडली होती. बॅटरी उरली होती एकदा वर चढण्यापुरती. चढायचा नवा प्रोग्राम तयार होता, पण टिटवीच्या मेमरीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती!

"मग जुनं काहीतरी काढून टाका ना," किमया म्हणाली.

"काढू गं, पण काय? नको ते काढलं तर टिटवी कायमची गप्प. आणि चालवून बघावं तर बॅटरी खलास!"

किमयाचा जीव कासावीस झाला. टिटवीच्या फोटोंनीच तर तिला चंद्राचं वेड लावलं होतं.

आत्याने तिला पडद्यासमोर बसवलं. "हे टिटवीचे गुणधर्म (तिची स्वतःबद्दलची माहिती). चाकांचा वेग, अंगाचं तापमान, सौरपंखाचा कोन. प्रत्येकाला प्रोग्रामचे दोन तुकडे जोडलेत. गेटर (माहिती वाचून सांगणारा) आणि सेटर (माहिती बदलणारा). आम्ही हौसेने सगळ्यांना दोन्ही लावून ठेवले, लागोत न लागोत!"

"आईच्या माळ्यावरच्या डब्यांसारखं," किमया खुदकन हसली.

"अगदी! आता करायचं स्थिर विश्लेषण (प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून केलेली तपासणी)."

त्यासाठी आत्याकडे 'चाळणी' नावाचा प्रोग्राम होता. चाळणीने आधी सगळे गेटर आणि सेटर हेरले. मग टिटवीचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला आणि कोण कुणाला हाक मारतंय ते पाहिलं. ज्यांना कुणीच हाक मारत नव्हतं, ते पडद्यावर लाल झाले. टिटवी मात्र तिकडे जागची हललीही नाही!

"मिळाली अडगळ!" आत्याचं बोट बटणाकडे गेलं.

"आत्या, थांब!" किमया ओरडलीच. "सौरपंखाच्या कोनाचा सेटर लाल कसा? मग पंख फिरवतं कोण?"

"कोण म्हणजे? आम्हीच की, इथून..." आत्याने कपाळावर हात मारला. "अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा! त्याला हाक मारणारा प्रोग्राम इथे पृथ्वीवर आहे, आणि चाळणीला आपण तो वाचायला दिलाच नाही. जेवढं वाचायला देऊ तेवढंच तिला दिसणार."

तो सेटर उडाला असता तर टिटवी खड्ड्यातून वर येऊनही उन्हात उपाशीच मेली असती, बिचारी. आत्याने पृथ्वीवरचा प्रोग्रामही चाळणीत घातला. सौरपंखाचा सेटर झाला हिरवा! उरलेले लाल तुकडे निघाले, तशी नव्या प्रोग्रामला ऐसपैस जागा झाली.

नवा प्रोग्राम टिटवीत जाऊन बसला आणि तिची चाकं फिरली. एकदा घसरली. पुन्हा रेटा दिला, आणि ती उन्हात आली!

"पंखाची आज्ञा तू दे," आत्या म्हणाली. किमयाने बटण दाबलं. दूर चंद्रावर सौरपंख सूर्याकडे वळला आणि बॅटरीचा आकडा चढू लागला.

"चढतोय! आत्या, चढतोय!" किमया खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली. मोठमोठे शास्त्रज्ञ टाळ्या पिटत होते.

"आता कुठे पाठवायचं गं हिला?" आत्याने विचारलं.

किमयाने नकाशावरच्या सगळ्यात उंच डोंगरावर बोट ठेवलं.