आवाज बाहेर जात नाही

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कपाटात होता.

जुन्या फ्लॅटची मापं घ्यायला गेले होते. भिंतीतलं कपाट उघडलं, तर आत एक उंच माणूस गुडघे दुमडून बसलेला! मी किंचाळले. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श... ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"कपाट. छान गप्प आहे. बाकी सगळा फ्लॅट नुसता बडबड्या."

हाच माझा पहिला ग्राहक. लहान मुलांसाठी ऐकायच्या गोष्टी तयार करतो. त्याला या तीन खोल्यांचं ऑफिस हवं होतं आणि मागच्या कोठीच्या खोलीत रेकॉर्डिंगची जागा. दुसऱ्यांच्या हाताखाली वर्षं काढल्यावर मिळालेलं माझं स्वतःचं पहिलं इंटिरियरचं काम! मी छातीठोकपणे सांगितलं, "त्या खोलीतून आवाज बाहेर जाणार नाही. जबाबदारी माझी."

मग भिंती खरवडल्या. गुलाबी रंगाखाली पोपटी निघाला, पोपटीखाली निळा. तो रोज संध्याकाळी यायचा आणि उंबऱ्यातूनच विचारायचा, "आज काय पाडलंत?"

"तुमचं लाडकं कपाट."

"अरेरे! मग मी आता बसू कुठे?" मग निघताना म्हणाला, "तुमच्या भुवईवर चुना लागलाय."

"कधीपासून?"

"तासभर झाला... शोभत होता, म्हणून बोललो नाही."

अशा माणसासमोर टेप धरली की माझे आकडे चुकायचे. एकच दार मी चारदा मोजलं. दाराला काही झालं नव्हतं.

खोली तयार झाली तेव्हा तो म्हणाला, "आत जाऊन बोला. काहीही... पण मोठ्याने. मी बाहेर थांबतो."

मी जाड दार ओढून घेतलं. चहूबाजूंनी गाद्या लावलेल्या, कसली गाढ शांतता! माझ्या कामावर माझाच एवढा विश्वास बसला की मी चक्क ओरडले, "हा माणूस हसला की मला मोजता येत नाही! मला आवडतो तो! फार आवडतो!"

हलकं हलकं वाटलं. बाहेर आले तर तो फरशीकडे बघत उभा.

"काही ऐकू आलं?"

"नाही... काहीच नाही."

मी आनंदाने टाळीच वाजवली. त्याचे कान लाल झालेले दिसत होते, पण मला वाटलं, उकडत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी मामा आत काम करत होते. दार बंद होतं. मी बाहेर उभी, आणि डोक्यावरून मामांचा घरी फोनवर बोलतानाचा स्पष्ट आवाज आला, "अगं, चष्मा फ्रीजवरच ठेवलाय! नीट बघ की!"

मी वर पाहिलं. एसीच्या पाइपसाठी दाराच्या वर भिंतीत पाडलेलं भोक तसंच उघडं होतं. ते बुजवायला मीच सांगायचं होतं, आणि मीच विसरले होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पहिलंच काम चुकलं होतं, आणि मन भोकातून बाहेर सांडलं होतं. त्याने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे त्याला माझी दया आली असणार. तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

वहिनीला फोन केला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "खोलीचं तू सांग. बाकीचं त्याला ठरवू दे."

संध्याकाळी तो आला. मी मामांना चहाला पिटाळलं आणि मान खाली घालूनच बोलले, "खोली चुकलीय. वर भोक राहिलंय... आवाज बाहेर येतो. चूक माझी आहे, उद्या नीट करून देते."

"माहीत आहे."

बस्स, एवढंच! माझे गाल पेटले. पर्स उचलून निघणार, तेवढ्यात तो त्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

"ऐकताय ना?" वरून आवाज आला. "काल खोटं बोललो. तुम्ही एवढ्या खुशीत बाहेर आलात... मला ती खुशी मोडवेना. आणि खरं म्हणजे घाबरलो. समोरासमोर असलं काही मला बोलताच येत नाही... म्हणून तर कपाटं आवडतात. मला तुम्ही आवडता. पहिल्या किंकाळीपासून."

माझ्या हातातून पर्स सुटली. हसू की रडू कळेना. तोंड लपवायला त्या रिकाम्या ऑफिसात एक पडदासुद्धा नव्हता. दाराची मूठ आतून फिरताना दिसली, तशी मी ती बाहेरून घट्ट धरली. मामांचं स्टूल पायाने ओढलं, वर चढले आणि भोकाशी तोंड नेलं.

"इतक्यात बाहेर येऊ नका... मला फार लाज वाटतेय," मी म्हटलं. "पण बोलत राहा."