झोका देणारी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या कुठल्याही घरी जा, ओट्यावर माहेरी आलेल्या लेकी बसलेल्या दिसतील. यशोदाबाईंना आता लेक उरली होती एकच, दिपमाला. यंदा ती शिरपूरहून येताना आपली चौदा वर्षांची देवयानी तर घेऊन आलीच, वर दोन पुरुष पाहुणेही घेऊन आली. गल्लीतल्या बायकांना दिवसभराचा विषय मिळाला.

पाहुणे तसे निरुपद्रवी होते. भूषणचं औषधांचं दुकान होतं, आणि अय्युबभाई सोफ्याच्या गाद्या शिवायचे. दिपमाला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिघांचा नाद मात्र एकच, न उलगडलेल्या जुन्या केसेस उकरायचा. दर रविवारी अय्युबभाईंच्या कारखान्यात अर्धवट शिवलेल्या गाद्यांवर बसून त्यांचं गुऱ्हाळ चाले. भूषणची बायको त्यांना बिनपगारी फौजदार म्हणायची.

आजची केस या घरातलीच होती. एक्क्याण्णव सालच्या अखाजीला दिपमालाची थोरली बहीण रूपा आणि तिच्या मैत्रिणी प्रमिला नि शेवंता, भर दुपारी, घरामागच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावरून नाहीशा झाल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी. पोलीस म्हणाले, पळून गेल्या. गाव म्हणालं, तापीने नेल्या. पण त्या वैशाखात तापी गुडघाभरही नव्हती, आणि पळून जाणारी पोर चपला झाडाखाली ठेवून जात नाही. नंतर किती तरी वर्षं त्या लिंबाला कुणी दोर बांधला नाही. आता नव्या पोरींनी पुन्हा बांधला होता.

अखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण म्हणून उंबऱ्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं, त्यांच्या नावाने मातीची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं. यशोदाबाई दर वर्षी कुंभाराकडून दोन घागरी आणत. एक वाडवडिलांची, ती भरत. दुसरी कोरीच माळ्यावर जाई. भरली तर लेक मेली हे आपल्याच हाताने ठरवल्यासारखं, आणि न भरावी तर, ती खरंच गेली असली तर, पोर इतकी वर्षं तहानलेली. या कात्रीत म्हातारीचा जन्म गेला होता.

"मना डोया मिटी गयात मंग तिनी घागर कोन भरी?" सकाळीच त्या लेकीला म्हणाल्या होत्या. "यंदा जेवणना आगोदर सांगी टाक, माय. भरू का नको?"

म्हणून तिघं सकाळपासून गावभर फिरून, जुन्या माणसांशी बोलून, आता ओट्यावर घाम पुसत बसली होती. ऊन मी म्हणत होतं. आतून सांजोऱ्या तळल्याचा वास येत होता.

"ताई, मला एक सांगा," अय्युबभाई म्हणाले, "फळीवर किती जणी होत्या?"

"तिघी. मी सात वर्षांची होते, मला खाली उभं करायच्या. त्या बसल्या की फांदी वाकायची आणि उतरल्या की कर्रकन वर यायची. मी घरात पाणी प्यायला गेले. परत आले तर झोका रिकामाच हलत होता."

"मग झोका देत कोण होतं?"

हा प्रश्न दिपमालाला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

तेवढ्यात आतून एक पोरगी तांब्या आणि पेले घेऊन आली. मेंदी रंगाची साडी, डोक्यावर पदर. शेजारच्या धुरपदाबाईंची नात असावी, असं दिपमालाला वाटलं. अय्युबभाईंनी "जीती रहो बेटी" म्हणत पेला घेतला. पाणी माठातलं असावं, दात ठणकावेत इतकं गार होतं. दिपमालाने तिचे तळहात पाहिले. दोराचा पीळन् पीळ लालभडक उमटला होता.

"दोर फारच घट्ट धरलेला दिसतोय," तिने चिडवलं. पोरगी नुसती हसली.

मागोमाग देवयानी आली. "आई, मी हिच्यासोबत झोक्यावर जाऊ?"

"जा. डोक्याला रुमाल बांध."

दोघी घराला वळसा घालून मागे गेल्या.

"सकाळी भेटलेले लोटनआबा म्हणाले, तीन पोरी फळीवर आणि एक झोका देणारी," अय्युबभाईंनी धागा पुढे ओढला. "ती त्यांना वाटली धुरपदाबाईंच्या घरची पाहुणी."

"आणि धुरपदाबाईंना वाटली लोटनआबांची भाची," भूषण म्हणाला. "शेवंताच्या भावाला वाटलं तुमच्याकडची. ताई, तुम्ही पाहिली होती?"

"कुणीतरी होतं," दिपमाला सावकाश म्हणाली. "मला वाटलं, प्रमिलाकडे आली असेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अखाजीला घरोघर पाहुण्या पोरी असतात. अनोळखी पोर दिसली की कुणी विचारत नाही, शेजारची म्हणून सोडून देतात. आणि पोलिसांनी विचारलं ते हरवलं कोण एवढंच. ती झोका देणारी मात्र कुठल्याच घरातून हरवली नव्हती.

"म्हणजे बाहेरची बाई," भूषणचा आवाज चढला. "फूस लावून नेलं असणार. ताई, त्या जिवंत असू शकतात."

दिपमालाच्या छातीत काहीतरी लख्ख उघडलं. इतका आनंद तिला बाधेल की काय असं वाटलं. ती तशीच आत गेली.

यशोदाबाई उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. वाडवडिलांची घागर भरून झाली होती. कोरी घागर मांडीशी होती आणि बोटाला ओलं कुंकू.

"आई, थांब. भरू नको."

म्हातारीचा हात तिथेच थांबला. "जित्ती शे?"

"ऱ्हाई सकस, माय." असू शकते, एवढंच ती म्हणाली.

यशोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग नाक पुसून, काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "तुम्हनासंगे उनी ती पोर कामनी शे हां. मना हातना झारा लिधा, बठ्ठ्या सांजोऱ्या तळी काढ्यात."

"कोनती पोर?"

"मेंदी साडीवाली. शिरपूरनी ना?"

"ती धुरपदाबाईनी नात शे ना?"

"तिनी नात त यंदा सुरतले शे, वं."

दिपमाला धावली. मागचं दार, गोठा, उकिरडा. अनवाणी पायांना फुफाटा भाजत होता, तो तिला कळला नाही.

लिंबाखाली देवयानी एकटीच होती.

झोका उंच जात होता. पोर पाय हलवत नव्हती.

दिपमालाने दोर धरला. तो तिला चार पावलं फरफटत घेऊन गेला. चौदा वर्षांच्या पोरीचं वजन ते नव्हतं.

"ती कुठंय?"

"आत्ता होती ना मागे." देवयानीने वळून पाहिलं. "आई, ती रूपामावशीला ओळखते."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिघी अजून उतरल्याच नाहीत. मी म्हटलं, मला तर कुणी दिसत नाही. तर हसली. म्हणाली, जरा सरकून बस, जागा होईल."

दिपमालाने पोरीला फळीवरून ओढून पोटाशी धरलं.

मागच्या दारातून यशोदाबाईंची हाक आली. "दिपा, भरू का वं घागर?"

तिने वर पाहिलं. फळी रिकामी होती. फांदी अजून तशीच वाकलेली होती.