तीन रेघांखालचं

तारेच्या गुंडाळीचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं कुणीतरी ओढलं.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा," पलीकडून आवाज आला.

विजेच्या सामानाच्या दुकानात अँटेनाच्या तारेची तेवढी एकच गुंडाळी उरली होती. फळीपलीकडे उन्हानं रापलेला एक उंच माणूस उभा होता. बाहीला रंगाचे डाग, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"अर्धी अर्धी करू या," तो म्हणाला.

"अर्ध्या तारेवर ऐकू काय येणार? तुमचं डोकं?"

तो हसला. "दीपगृहावर असतो मी. वाऱ्यानं तार तुटली. आता तिथं मी, दिवा आणि समुद्रपक्षी. त्यातले पक्षीच तेवढे बोलतात."

मी गुंडाळी सोडली. का सोडली, ते तार आणायला पाठवणाऱ्या मामांना आजवर पटवता आलेलं नाही. त्यानं बांधणीच्या खाकी कागदाचा कोपरा फाडला, त्यावर आपल्या रेडिओ केंद्राची खूण लिहिली. मग ओळीत तीन आडव्या रेघा ओढल्या, थांबला, कानापर्यंत लाल झाला आणि खाली लिहिलं – 'निरोप पाठवू?'

"तोंडानं विचारायला काय झालं?"

"तोंडानं... अडतं."

"पाठवा," मी म्हणाले आणि आमच्या केंद्राची खूण सांगितली. घरी येईपर्यंत उगाचच हसत होते.

आमच्या माडीवर मामांचं हौशी रेडिओ केंद्र होतं. संगणकाला रेडिओ जोडलेला. टंकलेला निरोप हवेतून या केंद्रावरून त्या केंद्रावर उड्या मारत यायचा, आणि वाटेतलं प्रत्येक केंद्र त्याच्या डोक्यावर आपल्या खुणेची ओळ चिकटवायचं. शिवाय रिकाम्या ओळी, वेडीवाकडी चिन्हं. मूळ मजकूर शोधता शोधता डोळे दुखायचे. म्हणून मामांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. आम्ही त्याला झाडू म्हणायचो. फाइल आली की झाडू फिरवायचा, की निरोप लख्ख. ते काम माझं.

दीपगृहाचे निरोप रोज येऊ लागले. मी धडधडत्या छातीनं झाडू फिरवायची आणि वाचायची – 'वारा वायव्येचा. लाटा मध्यम. दिवा ठीक.'

एवढंच!

मीही काही कमी नव्हते. उलट कळवायची, 'निरोप मिळाला. इथे ऊन.'

"मामा, दीपगृहावरची माणसं दगडाची असतात का हो?"

"इमारत दगडाची असते," मामा जोडणीतून मान वर न काढता म्हणाले.

एके दुपारी रेडिओवर डोंगरावरची मावशी कडाडली. मधल्या डोंगरावरचं केंद्र तिचं. आमच्याकडे येणारा प्रत्येक निरोप तिच्याकडूनच पुढे यायचा.

"अगं ए काळीज नसलेले! किती छळशील त्या पोराला?"

"कुणाला? मी?"

"मग काय मी? तो रोज जीव ओतून लिहितो आणि तू त्याला ऊन कळवतेस! हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"तो फक्त वारा कळवतो, मावशी! आणि तू लोकांचे निरोप वाचतेस?"

"हौशी रेडिओत कसला आलाय पडदा? वाटेवरची सगळी केंद्रं वाचतात. दोघांनी तर तुझ्या उत्तरावर पैज लावलीय." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "थांब. रेघांच्या खालचं तू वाचत नाहीस?"

खाकी कागद डोळ्यांपुढे आला... मी वळून मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"लोक तीन रेघा ओढून खाली पत्ते, यंत्रांची नावं, नाही नाही ते लिहितात गं. म्हणून झाडू... रेघांपासून खालचं सगळं कापतो."

"आणि मूळ फाइल?"

"त्याच फाइलवर फिरतो तो. मूळ उरतच नाही."

"रडत बसू नका," मावशी म्हणाली. "सगळे निरोप आहेत माझ्याकडे. पाठवते. आजचा मात्र नीट वाच."

या वेळी मी झाडूला हात लावला नाही. खुणांच्या त्या गचपणातून बोट फिरवत रेघांच्या खाली पोचले.

'दिव्याची काच पुसताना तुम्ही आठवलात. तार सोडताना तुम्ही ओठ चावला होता.'

'तुमच्याकडचं थोडं ऊन इकडे पाठवाल का?'

'तुम्हाला आवडतो का मी? एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.'

आणि आज सकाळचा – 'लांबच्या बेटावर जागा निघाली आहे. तिथून रेडिओ पोचत नाही. संध्याकाळच्या बोटीबरोबर हो-नाही कळवायचं आहे. तुमचं मौन मी समजलो. राग नाही.'

खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं. मी लिहिलं – 'आमच्या प्रोग्रॅमनं तुमचं मन रोज कापलं. मला आत्ता कळलं. जाऊ नका. हो. आजवर जे जे विचारलंत, त्या सगळ्याला हो.'

निरोप निघेचना. कुणीतरी भली मोठी फाइल पाठवत होतं, वाट अडली होती.

"गप्प बसा रे सगळे!" मावशी गरजली. "पोरीचं उत्तर जातंय!"

आणि खरंच... सगळी हवा गप्प झाली. माझा निरोप सुळकन गेला. मामांनी पंखा बंद केला. कशासाठी, कुणास ठाऊक.

बोटीची वेळ झाली. मग होऊन गेली. मी नखं खात होते आणि यंत्र एकदम चिरचिरलं.

"फिरवू झाडू?" मामांनी सवयीनं विचारलं.

"हात लावून तर बघा!"

डोक्यावर सगळ्या केंद्रांच्या खुणा होत्या. आज तो कचरा वाटला नाही. हातोहात त्याला माझ्यापर्यंत आणणारी माणसं होती ती. त्याखाली, वारा वायव्येचा, लाटा मध्यम, दिवा ठीक. मग तीन रेघा. आणि –

'बोटवाल्याला नकार सांगितला. तो म्हणाला, का? मी म्हटलं, तिकडे ऐकू येत नाही. रविवारी दुकानात ये. तार नको, तूच हवीस.'

मामांनी मला उचलून गरकन फिरवलं. रेडिओवर मावशी पैज हरलेल्याला चिडवत होती.

रविवारी तो आला. दुकानाच्या फळीवर धूळ होती. त्यानं बोटानं तीन रेघा ओढल्या आणि थांबला.

"पुढे?" मी म्हणाले.

"पुढे..."

"आज कापणारं कुणी नाहीये. बोल."

"लग्न करशील माझ्याशी?" हे मात्र कुठेही न अडता, इतक्या मोठ्यानं, की दुकानदाराच्या हातून दिव्यांचं खोकं निसटलं. आमच्या संसारातला पहिला खर्च तो.

मी रेघांच्या खाली बोटानं लिहिलं, 'हो.'

आता डोळ्यांचं सांगते म्हटलं होतं ना? ते वर आले, माझ्यावर टेकले, आणि त्यांत जे काही होतं... नाही, ते नाहीच सांगत. मावशीनं रेडिओवर किती खोदून विचारलं, तेव्हासुद्धा सांगितलं नाही. साऱ्या हवेत तेवढंच एक आमच्या दोघांचं आहे.