मधलं नाव

ही गोष्ट खोटी असती तर मला फार बरं वाटलं असतं.

पण ती माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि मावशीला साधी थाप धड मारता येत नाही. लहानपणी आमच्याबरोबर लपाछपी खेळताना पलंगाखालून "मी इथे नाहीये गं" असं ओरडून सांगणारी बाई ती. ती असलं काही रचून सांगेल हे शक्य नाही.

आणखी एक. भुताटकीला रात्र लागते असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. हे घडलं भर दुपारी, ऐन हिवाळ्यात, एका सरकारी कचेरीत. माणसांनी भरलेल्या, ट्यूबलाइटने लख्ख उजळलेल्या.

मावशी दातांच्या कवळ्या करते. मेण, प्लास्टर, बारीक कानशी, हे तिचं जग. एखाद्याचा चावा एकदा मेणावर पाहिला की ती तो विसरत नाही.

तिच्या नवऱ्याला आम्ही काका म्हणायचो. म्हणजे म्हणायला लागायचं. इथे मी 'तो' म्हणते, तेवढीच त्याची लायकी.

तो दात खायचा. रागात खायचाच, झोपेतही खायचा.

करकर... करकर...

भिंतीपलीकडे झोपलेल्या आम्हा मुलांनाही ऐकू यायचं. बाटलीचं झाकण दाताने उघडताना त्याच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. मावशीने एकदा "मी नीट करून देते" म्हटलं, तर त्याने तिचा हात पिरगाळला.

"माझ्या तोंडाला हात लावायचा नाही! माझ्या नावावर जगतेस तू. ते नाव काढलं तर तुला विचारतो कोण?"

तो झोपेतच गेला. जबडा इतका घट्ट मिटलेला, की डॉक्टरांनाही उघडता आला नाही.

मावशी रडली नाही. तिने एकच नियम केला. घरात त्याचं नाव काढायचं नाही.

पण नाव असं थोडंच जातं? आपल्यात बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर तो मधोमध ठाण मांडून बसलेला होताच. बदलायला सवड नव्हती. परदेशातल्या एका दातांच्या कारखान्याने तिला बोलावलं होतं, आणि इकडे दीर घराच्या किल्ल्या खिशात घालून रोज विचारत होता, "वहिनी, जाऊन जाऊन जाणार कुठे? तिथला परवाना नाही मिळाला तर इथेच यायचंय."

दीर हे हसून म्हणायचा. हसतानाच जास्त भीती वाटायची.

मावशी निघाली.

नव्या देशात तिची खोलीतली सोबतीण आपल्याच भाषेची निघाली. केस कापायचं काम करायची आणि तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं, तेव्हा मावशीने तिचं नाव बडबडी ठेवलं. दोघींचं छान जमलं. आता फक्त राहण्याचा परवाना हवा होता.

कचेरीतल्या अर्जावर मधल्या नावाला जागाच नव्हती. 'स्वतःची नावं' आणि 'आडनाव', बस्स. खिडकीमागच्या चष्मेवाल्याने पासपोर्टवर बोट ठेवलं. इथे आहे तसंच लिहा.

मावशीने लिहिलं. स्वतःचं नाव, आणि त्याच्या शेजारी... त्याचं.

किती वर्षांनी तिच्या हातून ती अक्षरं उमटत होती. तिला वाटलं, निदान इथे तरी नको. म्हणून ती त्या नावावर काट मारायला गेली.

हात हलला. रेघ नावाच्या खालून गेली.

आता त्या अर्जावर बारीक अक्षरांत एक सूचना होती, ती तिला वाचता आली नव्हती. ज्या नावाने तुम्हाला हाक मारतात, त्याच्याखाली रेघ ओढा.

चष्मेवाल्याने काहीतरी विचारलं. मावशीला निम्मंच कळलं. परक्या भाषेत कळलं नाही की माणूस हो म्हणतो. तीही "हो, हो" म्हणाली.

त्याने शिक्का मारला.

थोड्या दिवसांनी बडबडी दारातूनच ओरडत आली. "अगं ए! दारावरच्या पट्टीवर हा कोण आपल्यासोबत? पुरुष घरात आणलास आणि मला पत्ताच नाही?"

मावशीने बाहेर जाऊन पाहिलं. इमारतीच्या रखवालदाराने कचेरीतून आलेलं नाव लावलं होतं. बडबडीचं, आणि त्याखाली त्याचं.

मावशीने ती पट्टी नखाने खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी ती परत जागेवर होती. रखवालदार म्हणाला, मी नाही लावली.

मग तो रविवार. बडबडी कामाला गेली होती. मावशी जेवून जरा आडवी झाली. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली मुलं खेळत होती.

करकर...

तिला वाटलं हीटर. उठून बंद केला.

करकर... करकर...

आवाज कपाटामागून येत होता. आणि बाहेर मुलांचा आवाज... तो मात्र थांबला होता.

मावशी चपला न घालताच जिना उतरून खाली गेली आणि बडबडी येईपर्यंत रखवालदाराच्या खोलीत बसून राहिली.

"मनाचे खेळ गं," बडबडी म्हणाली. "मेलेला माणूस एवढा खर्च करून इथवर कशाला येईल?"

मावशी हसली. पण तिला खरोखर हसू येत नव्हतं.

तो कामावरही आला.

तिने टेबलावर मेणाची नवी पट्टी ठेवली, हात धुवायला गेली, परत आली. पट्टीवर चावा होता. खोल, रागाने घेतलेला. वरच्या पुढच्या दाताच्या जागी एक कोपरा नव्हता.

असा चावा तिने एकाच तोंडात पाहिला होता. मेण अजून थुंकीने ओलसर होतं...

तिने ते भट्टीत टाकलं आणि तडक कचेरी गाठली.

"हे नाव काढून टाका," ती चष्मेवाल्याला म्हणाली. येत होती तेवढी सगळी भाषा तिने पणाला लावली. "हे माझं नाही. हे मेलेल्या माणसाचं आहे."

"रेघ तुम्हीच ओढलीत."

"ती खोडायला होती!"

"खोडायची रेघ नावावरून जाते, बाई. ही खालून गेलीय." तो कंटाळून बोलत होता. "आता जे काय ते मुलाखतीत. याच नावाने पुकारा होईल. ओ दिली नाहीत तर अर्जदार आलाच नाही असं धरू."

"मग?"

"मग परत जायचं. आणि मला एक कळत नाही. परवा तुमचे यजमान तर म्हणाले, सगळं बरोबर आहे."



"कोण... म्हणालं?"

"तिथे उभे होते. फारसं बोलले नाहीत. जबडा धरून होते, दात दुखत असावेत."

मुलाखतीला बडबडी सोबत येणार होती, पण तिला सुट्टी मिळाली नाही. मावशी एकटीच गेली. हॉल खचाखच भरलेला. रडणारी पोरं, खोकणारे म्हातारे, ओल्या कोटांचा वास. तिला बरं वाटलं. एवढ्या माणसांत काय होणार?

ती बसली, आणि तिच्या मागची रांग रिकामी झाली. लोक एकेक करून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुकारा झाला.

त्याचं नाव. पूर्ण हॉलमध्ये, मोठ्याने.

मावशीला उठायचं होतं. पाय उठेनात. तिची दातखीळ बसली.

दुसऱ्यांदा पुकारा झाला.

मागे... खुर्ची सरकली.

करकर...

तिच्या मानेवर गार श्वास आला. मागे वळून पाहायची तिची छाती झाली नाही. समोर चष्मेवाला उभा होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्या डोक्यावरून मागे पाहत होता आणि मान डोलवत होता. या, या.

गप्प बसावं, तर आत तो जाणार. परवाना त्याचा, खोली त्याची, आणि ती परत त्या घरात, किल्ल्या खिशात घेऊन हसणाऱ्या दिरासमोर. ओ द्यावी, तर ते नाव आपलं म्हणावं लागणार. मावशी मला म्हणाली, "त्या क्षणी इतका संताप आला ना गं! जिवंतपणी छळलं, आणि आता मेल्यावरही माझ्याच जागेवर बसतोय?"

तिने दोन्ही हातांनी जबडा उघडला आणि ओरडली. "मी! मी आहे!"

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "नाव सांगा."

तिने स्वतःचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली. हे नाही.

मागचं पाऊल तिच्या खुर्चीपाशी आलं...

आणि मावशीने त्याचं नाव घेतलं. मोठ्याने. "तो मीच."

मागचा आवाज एकदम थांबला. खुर्ची रिकामी. लोक परत येऊन बसायला लागले.

फक्त तिच्या जबड्यात काहीतरी कट् झालं. दात आवळले होते, त्यामुळे असेल, तिला वाटलं.

परवाना मिळाला. फोटो मावशीचा, नाव त्याचं. तिचं स्वतःचं नाव छापायचं राहूनच गेलं होतं. पण ती खूश होती. "असू दे गं. राहतेय तर मी ना? आणि आवाज गेला. पूर्ण गेला!"

आमच्या आईने देवासमोर हात जोडले.

मग बडबडी खोली सोडून गेली. ती, जी रखवालदाराशीही तास तास बोलायची, ती एक शब्द न बोलता गेली. मावशीला वाईट वाटलं. "माझं काय चुकलं कोण जाणे."

गेल्या रविवारी आई आणि मी मिळून मावशीला व्हिडिओ कॉल केला. मी बोलत होते, मावशी शांतपणे ऐकत होती.

करकर...

मी थांबले. "मावशी, आवाज कसला?"

"कसला? इथे तर एकदम शांत आहे."

मी परत बोलायला लागले. ती ऐकायला लागली. आणि मला दिसलं... ओठ मिटलेले होते, पण जबडा हलत होता. सावकाश. उजवीकडे, डावीकडे.

करकर... करकर...

माझा चेहरा बघून ती हसली. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा नव्हता.

"मावशी, दात कधी तुटला?"

"झोपेत तुटला वाटतं," ती म्हणाली. "कळलंच नाही."

"मग नीट करून घे ना. तुझ्याच कारखान्यात..."

तिचं हसू गेलं. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली.

"माझ्या तोंडाला हात लावायचा नाही."

आईच्या हातातला पेला खाली पडला.

मग मावशीने डोळे मिचकावले, गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गं, काय म्हणत होते मी?"

आईने घाईने जेवणाचा विषय काढला. कसं सांगणार?

पुढच्या हिवाळ्यात परवान्याची मुदत संपते. तेव्हा तिला परत खिडकीपाशी उभं करून नाव विचारतील.