चिंचोटीहून रिकामी येणारी गाडी

वालीवला माझं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. क्लिफर्ड माझं जुनं गिऱ्हाईक. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा त्याचा धंदा, आणि त्यासाठी एकच ट्रक. मागे साखळी आणि हुक लावलेला. गेल्या ऑक्टोबरात तो ट्रक घेऊन आला.

"सॅन्टन, इंजिन तापतंय रे. बघ जरा."

असलं काम आमच्याकडे रोजचंच. रेडिएटर उतरवून साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप नवा टाकला. मग ट्रक चालू ठेवून मी जेवून आलो. तापमानाचा काटा मधोमध होता, जागचा हलला नव्हता.

"झाली," मी म्हटलं.

क्लिफर्डच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. "उभी असताना ती तापतच नाही. दुसरी गाडी ओढतानाही नाही. चिंचोटीहून रिकामी परत येते ना, तेव्हा तापते."

रिकामा ट्रक कशाला तापेल? मला हसू आलं. म्हटलं, चल, दाखव.

दुपार कलली होती. हायवेवरून आम्ही कामणच्या रस्त्याला लागलो. क्लिफर्ड चालवत होता, मी काट्यावर नजर ठेवून. इंजिन गोड चाललं होतं. चिंचोटीच्या पुढे ओढ्यावर एक लहानसा पूल लागतो. तो ओलांडून क्लिफर्डने ट्रक वळवला आणि आम्ही पुन्हा पुलावर आलो.

पूल संपता संपता मागून हिसका बसला. मला तो हिसका ओळखीचा आहे. हुकाला अडकवलेल्या गाडीचं वजन साखळीवर आलं की असाच बसतो. इंजिनाचा आवाज खाली गेला. क्लिफर्डने मुकाट्याने गिअर उतरवला. काटा हळूहळू चढायला लागला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

थोडं पुढे जाऊन कडेला थांबलो. बॉनेटखाली पाणी खदखदत होतं. गरम कूलंटचा गोडसर वास येत होता आणि त्यात दुसराही एक वास मिसळला होता, खूप दिवस साचलेल्या चिखलाचा. मी स्प्रिंगचे पाटे बघायला मागे गेलो. मागचे पाटे पार दबले होते. आणि साखळी... साखळी खाली लोंबत नव्हती. रस्त्याला समांतर, मागच्या बाजूला सरळ ताणलेली होती. हुकाच्या पुढे काही नव्हतं. मी हात लावला. ती थरथरत होती.

मागून एक रिक्षा आली आणि आमच्याजवळ मंदावली. रिक्षावाला वाकून म्हणाला, "अहो, मागच्या गाडीतल्या आजींना पुढे तुमच्यात घ्या ना. कधीपासून काच वाजवताहेत."

तो निघून गेला. आम्ही दोघे साखळीकडे बघत उभे राहिलो.

मग क्लिफर्डने सांगितलं. जुलैत याच पुलावरून एक कार पाण्यात गेली होती. गिरीजचा उमंग नावाचा माणूस आईला घेऊन घरी निघाला होता. तो बाहेर पडला, आई वाहून गेली. सावित्रीबाई नाव. त्या सापडल्याच नाहीत. पाणी उतरल्यावर रिकामी कार क्लिफर्डनेच ओढून नेली होती.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून." त्याने कपाळावर क्रूस केला. "असं चाललं तर एक दिवस इंजिन बसेल माझं. आणि रात्री झोप नाही ती नाहीच. त्यांना घरी जायचं असेल, सॅन्टन. आपण सोडून येऊ."

मला नको होतं. पण त्याला एकट्याला पाठवणंही जमेना.

गिरीजपर्यंत पाच-सहा वेळा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी रेडिएटरला थंड व्हायला वेळ द्यायचा, फडकं धरून झाकण उघडायचं, पाणी ओतायचं. मी मागे बघितलं नाही. पत्ता विचारत वाड्यांमधून आत शिरलो तेव्हा केळीखाली सावल्या दाटायला लागल्या होत्या. लोखंडी गेट असलेल्या एका घरासमोर क्लिफर्डने ट्रक लावला.

उमंग अंगणातच होता. तो गेटपर्यंत आला, पण आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. हुकाच्या मागे, रस्त्यावर, एका जागी तो बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"इथे नको," तो हळूच म्हणाला. "परत घेऊन जा."

"उमंगभाऊ, त्यांना घरी..."

"दरवाजा जाम होता. मी पोलिसांना सांगितलंय." आम्ही काही विचारलं नव्हतं. "तिने माझा हात धरला होता... घट्ट. मी पण बुडालो असतो. बोटं सोडवली मी... काय करणार होतो?"

क्लिफर्डने मागे जाऊन साखळीचा खटका ओढला. साखळी खणकन जमिनीवर पडली आणि ट्रकची मागची बाजू वर आली, एकदा नाही, टप्प्याटप्प्याने, भरलेल्या टेंपोतून माणसं उतरावीत तशी.

उमंगने गेट लावलं, कडी घातली आणि आतून दोन्ही हात टेकून उभा राहिला. बाहेर कोणीच नव्हतं. तरी कडी वाकत होती आणि त्याचे पाय अंगणातल्या मातीत मागे मागे सरकत होते. तो ओरडला नाही. नुसता "आई, नको... आई..." म्हणत होता.

आम्ही निघालो. दुसरं काय करणार? वालीवला पोचेपर्यंत काटा मधोमध होता. त्यानंतर ट्रकने कधी त्रास दिला नाही.

परवा सकाळी गॅरेजमध्ये फोन आला. गॅरेजच्या पाटीवरचा नंबर बघून केला असावा. आवाज इतका बारीक होता की मला ओळखायला वेळ लागला.

"मी उमंग बोलतोय, गिरीजहून. आई स्वयंपाकघरात बसून असते. तिचं मला कळतं... तिचं मी बघीन." तो थांबला. त्याच्या मागे कोणीतरी खोकलं, पुरुषाचा खोकला, छातीत पाणी भरल्यासारखा. मग एक लहान मूल रडायला लागलं.

"पण ओटीवर हे जे बसलेत," उमंग कुजबुजला, "हे कोणाचे आहेत?"