पाणी उतरलं ती रात्र

दार लोटा. हसायचं असेल त्यानं आताच हसून घ्यावं, मध्ये बोललेलं मला चालत नाही.

आपल्या नदीवर गाळ मोजायची चौकी आहे. पुरात तासातासाला बाटलीभर पाणी धरायचं, त्यातला गाळ वाळवून तोलायचा. डोंगर किती वाहून चालला ते त्यावरून कळतं. तिथला मोजणीदार माझा दोस्त. हाताखाली त्याचा मेहुणा. मेहुणा ग्रीस लावलेल्या तारेवरच्या पाळण्यात बसून नदीच्या मध्यावर जायचा, हा काठावर पाळणा ओढायची चरखी फिरवायचा. पाळण्यात माणूस असताना चरखी सोडायची नाही, एवढा एकच नियम.

दोन वर्षांपूर्वी, अकरा तारखेच्या रात्री, मेहुणा वाहून गेला. "नको नको म्हणत होतो, ऐकलंच नाही त्यानं," मोजणीदार रडला. त्याच्या जबानीखाली मी साक्षीदाराची सही केली. निव्वळ त्याच्या शब्दावर.

पुढच्या वर्षी, तीच तारीख. रात्रीची बाटली भरायला तो एकटाच गेला. आभाळ कोरडं, पाणी घोट्याएवढं. एक वाजून चाळीस मिनिटं.

तार थरथरली.

पाळणा काठाला बांधलेला असायचा. नव्हता.

"दाजी... पाऊस चालू आहे आणि पाणी उतरतंय. वर कडा कोसळून नदी अडलीय. ओढा मला."

तेच शब्द. त्या रात्रीचे. तेव्हा हा हसून म्हणाला होता, "भित्र्या, एक बाटली घे, मग जा ताईच्या पदराखाली." मग वर कोसळलेल्या कड्याचा बांध फुटला. धोंडे गडगडत आले. आणि हा चरखी सोडून पळाला.

"दाजी..."

यानं चरखी धरली. फिरवली. जड होती.

पाळणा निम्म्यावर आला...

वर गडगडलं.

हा पुन्हा पळाला.

घरी दिवा जळत होता. बायको जमिनीवर बसलेली. त्याची सासू, म्हणजे तिची आई, तिच्याजवळच होती. लेकीनं रात्रभर उंबरा ओलांडला नव्हता, हे तीच सांगते.

"दोनदा सोडलंत तुम्ही त्याला," बायको म्हणाली.

पहाटे तो माझ्या दारात आला आणि सगळं ओकला. मी त्याला घरात घेतलं नाही. सरळ वहिनींकडे, त्याच्या बायकोकडे गेलो, सहीबद्दल माफी मागायला.

त्यांनी मुठी उघडल्या.

दोन्ही तळव्यांवर तारेचे वळ. ताजे. आत काळं ग्रीस... आणि नदीची ओली वाळू.